आधी सही, मग तपासणी

वंदना त्या दिवशी कारखान्यात निघाली ती एवढंच ठरवायला, की नवा प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा तर तो नेमका कशानं सुरू व्हावा. यात भिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. सौंसरच्या स्टँडवर कंपनीच्या बसमध्ये चढताना तीही मनाशी तेच म्हणत होती. अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना होता. सकाळी साडेआठलाच बसचा दांडा हाताला चटका देत होता. पिशवीत डबा होता, वही होती आणि चार वाजता श्रीकांत साहेबांना द्यायचं उत्तर तेवढं बाकी होतं.

बोरगावच्या त्या कारखान्यात धागा रंगवत. रंगाच्या मोठ्या बंद टाक्यांना कामगार कुकरच म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. आत एकशे तीस डिग्रीचं रंगीत पाणी वाफेच्या दाबाखाली उकळायचं. मग ते हळूहळू थंड व्हायचं, आणि ऐंशीच्या खाली आलं की झाकणावरचा लाल दिवा हिरवा व्हायचा. हिरवा दिसला की झाकणवाल्यानं चाक फिरवून झाकण उघडायचं. तीन नंबरच्या कुकरचे झाकणवाले होते दादाराव. वंदनाचे बाबा.

आणि तो दिवा हिरवा कधी करायचा हे सांगणारा प्रोग्राम लिहायची वंदना. पांढुर्ण्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, नागपूरला वर्षभर कॉम्प्युटर शिकलेली, दादारावांच्या घरातली पहिली पोर जी खुर्चीत बसून काम करते. बाबा कौतुकानं सोबतच्यांना सांगत, "पयले मी दाबाचा काटा पाहून मंग हात लावत जाओ. आता कायले पाहू? आता तं माह्या पोरीचा दिवा आहे."

हे ऐकलं की वंदना घाईनं विषय बदलायची. मुळात ती भित्रीच. कोणी मागून हाक मारली तरी तिच्या हातातून पेन पडे. पण तेव्हा तिला एक धीर होता. तिचं लिहिलेलं मोरेश्वर काकाजी तपासत.

काकाजी म्हणजे कारखान्यातलं सगळ्यात जुनं हिशेबी डोकं. प्रोग्रामचा छापील कागद ते समोर घेत, तोंडात लवंग धरत आणि हिरव्या पेन्सिलीनं एकेका ओळीपुढे बारीक खूण करत. घाई नाही. एक ओळ वाचायची, थांबायचं, मग खर्र... अशी खूण. दोनशे ओळींना त्यांना चाळीस मिनिटं लागत. शेवटच्या ओळीपुढे खूण झाली की आपल्या टर्मिनलवर एम, बी, के ही तीन अक्षरं टाकत. ती त्यांची सही. मग ते स्वतः फ्लॉपी खिशात घालून उन्हातून रंगखात्यात जात आणि तिथल्या कॉम्प्युटरमध्ये प्रोग्राम चढवत.

एप्रिलमध्ये दोन्ही कॉम्प्युटर तारेनं जोडले, आणि साहेब म्हणाले, आता हे चालत जाणं बंद, तपासून झालं की प्रोग्राम आपोआप गेला पाहिजे. सुरुवात कशानं करायची ते ठरवायचं काम वंदनाकडे आलं. प्रोग्राम लिहून झाला की लगेच जावा? की पाळी बदलताना, दोनच्या ठोक्याला? की तपासणाऱ्यानं सही टाकल्यावर? तिनं तात्पुरतं सहीवर ठेवलं. एक नियमही घातला, ज्यानं सही दिली त्यालाच ती मागे घेता येईल. तिला तो फार शहाणपणाचा वाटला होता.

काकाजींनी लवंग या गालातून त्या गालात नेली होती. "नीट ठरव बेटा. एकदा का सुरू झालं, की मग ते लिहिणाऱ्याचंही ऐकत नाही."

त्यानंतर पाचव्या दिवशी, दुपारी, काकाजी खुर्चीतच गेले. हार्ट अटॅक. समोर कागद तसाच होता, खुणा अर्ध्यावर थांबलेल्या, आणि पेन्सिल बोटांत.

त्यांच्या टर्मिनलवर त्यांच्या बायकोनं शिवलेलं निळ्या चौकटीचं कापडी कव्हर घातलं गेलं. खुर्ची कोणी हलवली नाही. नवा तपासणारा नागपूरहून जूनमध्ये येणार होता. मधल्या दिवसांत कामं तर अडणारच. आणि इथं वंदनानं ते केलं, जे तिनं बाबांनाही सांगितलं नव्हतं.

तिनं काकाजींची सही स्वतः टाकली.

पहिल्यांदा एका रंगाचं नाव बदलायचं होतं म्हणून. नुसतं नाव, त्यात काय तपासायचं? तिनं खुर्चीकडे पाहून हात जोडले आणि आपल्या टर्मिनलवरून एम, बी, के टाकलं. दुसऱ्यांदाही हात जोडले. तिसऱ्यांदा नुसतं पाहिलं. चौथ्यांदा तेही नाही. चारही वेळा कागद छापलाच नाही, एकही ओळ कोणी वाचली नाही. सही झाली, प्रोग्राम गेला आणि काही बिघडलं नाही.

उत्तर द्यायच्या त्या दिवशी सकाळी साहेबांनी तिला बोलावलं.

"झाकण ऐंशीवर कशाला उघडायचं? पंच्याण्णववर उघडू. दर घाण्यामागे वीस मिनिटं वाचतात."

"सर, काकाजींनी पास केलं नसतं हे."

"काकाजी आहेत का आता?" साहेब हसले. "लिहून तर ठेव. आणि ते आपोआप कशानं सुरू करायचं, चार वाजता फायनल सांग. मला संध्याकाळी नागपूरला निघायचंय."

तिनं लिहून ठेवलं. फक्त ऑफिसातल्या मशीनवर, करून पाहायला. करून पाहताना दिवा पटकन हिरवा झालेला दिसावा म्हणून तिनं पंच्याण्णवच्या जागी एकशे दहा टाकलं. हे काम करणारे सगळेच असं करतात, पाहून झालं की आकडा बदलायचा. एकशे बारावी ओळ. बदलायच्या आधीच जेवणाची घंटा झाली. ती उठली. सही आपल्या हातात आहे, सही टाकल्याशिवाय काही जात नाही, मग भीती कशाची?

लिंबाखाली डबा उघडला तर शांताबाई शेजारी येऊन बसली. झाडझूड करणारी, जामसांवलीच्या मारुतीचा काळा दोरा मनगटाला बांधलेली.

"मॅडम, तुमच्या त्या थंड्या खोलीत कोन बसून रायते व दुपारचं?"

"कोणी नाही. का?"

"मी फरशी पुसून राह्यली होती तं आवाज येऊन राह्यला होता. खर्र... मंग थांबे. मंग आणखी खर्र..." शांताबाईनं हवेत बोट ओढून दाखवलं. "मले वाटलं उंदीर असंन."

"उंदीरच असेल."

"हाव. पन उंदीर काई लवंग खात नाई जी."

वंदनाचा घास तोंडातच फिरला. "शांताबाई, कशाला भिववता?"

"मी कायले भिववू? माहीच बादली तिथं राहून गेली. तुम्ही परत जासान तं तेवढी बाहेर सरकवून देजा."

दोनला भोंगा झाला. दुसरी पाळी लागली, म्हणजे बाबा कुकरवर आले असतील. ती डबा धुऊन निघाली तोच लाईट गेली. पंखे थांबले आणि सगळा कारखाना एकदम गप्प झाला. फक्त दूर, कोळशाच्या ढिगांपलीकडे, रंगखात्याचं जनरेटर धडधडायला लागलं.

कॉम्प्युटरच्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एसी बंद होता, तरी खोली गारच होती. बॅटरीवर चाललेली मशीन अंधारात दर दोन सेकंदांनी टिक करत होती. तिचा पाय बादलीला लागला, पाणी हिंदकळलं, आणि ती स्वतःच्याच ओरडण्यानं दचकली.

मग तिला वास आला. लवंगेचा. जुना, भिंतीत मुरलेला नव्हे. आत्ता कोणी दाताखाली फोडलेल्या लवंगेचा.

ती चाचपडत आपल्या टर्मिनलपाशी आली. हिरव्या अक्षरांत सह्यांची यादी उघडी होती. तिनं ती उघडी ठेवली नव्हती. शेवटची ओळ अशी:

झाकणाचा प्रोग्राम. तपासला. एमबीके. एक वाजून बावन्न मिनिटं.

आणि त्याखाली: रंगखात्यात पोचला.

एक बावन्नला ती लिंबाखाली होती. तिनं सही टाकली नव्हती. ती ओळ तिनं तीनदा वाचली, आणि मगच तिला आठवला तो आकडा. एकशे दहा.

रंगखात्याचा कॉम्प्युटर नवा प्रोग्राम आला की चालू कुकरलाही तोच लावी. तारेमुळे कुकरचं तापमान आता तिच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसे. तीन नंबर: एकशे चोवीस. तिच्या डोळ्यांदेखत एकशे तेवीस झालं. एकशे दहाला दिवा हिरवा होणार होता. बाबा काट्याकडे पाहणार नव्हते. बाबा चाक फिरवणार होते, आणि ते सगळं उकळतं पाणी...

तिनं इंटरकॉम उचलला. मुका. धावत जावं तर कोळशाच्या ढिगांना वळसा घालून सात-आठ मिनिटं. एकशे बावीस.

सही मागे घ्यायची. एवढंच. तिनं एम, बी, के टाकलं, चार वेळा टाकलं होतं तसंच. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ असा होता: हे गृहस्थ आधीच बसलेले आहेत, टर्मिनल दोन.

टर्मिनल दोन तिच्या पाठीमागे होतं.

मान वळवायला तिला किती वेळ लागला, देव जाणे. निळ्या चौकटीच्या कापडाखाली हिरवा उजेड होता. कापडातून पाझरणारा, मंद, पाण्याखालच्यासारखा. खुर्ची टेबलापासून जराशी मागे सरकलेली होती, माणूस बसायला लागते तेवढी.

खर्र...

एकशे एकोणीस.

"बाबा," ती पुटपुटली. आणि बाबांचं नाव तोंडात आल्यावरच पाय उचलले गेले. तिनं खुर्चीकडे न बघता, कडेनं वाकून, कापड वर उचललं.

पडद्यावर तिचाच प्रोग्राम होता. एक ओळ उजळायची. थांबायची. खर्र... मग पुढची उजळायची. तीच चाल, तोच सावकाशपणा. तिनं ओळीचा नंबर पाहिला. सदतीस. एकशे दहाची ओळ होती एकशे बारावी. या चालीनं तिथवर पोचायला अजून पंधरा मिनिटं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि भीतीपेक्षा ते वाईट होतं. काकाजी तपासत होते. नेहमीसारखेच, एकही ओळ न गाळता. फक्त सही त्यांनी आधी टाकली होती. आधी सही, मग तपासणी. हा क्रम त्यांचा नव्हताच. त्यांच्या नावाला तो वंदनानं लावला होता, चार वेळा.

"काकाजी... चुकलं माझं. उठा ना... मला मागे घेऊ द्या."

उजळलेली ओळ जागच्या जागी थांबली. पेन्सिलीचा आवाजही थांबला. मशीन टिक करत राहिली. तिनं खुर्चीच्या हातावरून हात पुढे नेला, सही मागे घेण्याची अक्षरं दाबली. की-बोर्डची बटणं गरम होती. नुकतीच कोणी बोटं उचलल्यासारखी.

सही मागे घेतली. जुना प्रोग्राम लागू.

कोपऱ्यात तापमान होतं एकशे अकरा. मग एकशे दहा. एकशे नऊ. दिव्यापुढे लाल लिहिलेलं होतं. लालच राहिलं.

ती तशीच खाली बसली, शांताबाईच्या बादलीशेजारी, आणि लाईट आली तेव्हा रडत होती.

चार वाजता साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "बी.एस्सी. ना तू?" ते म्हणाले. "अगं, सवयीनं तूच टाकली असशील. जेवायला जाताना हात चालला असेल."

"एक बावन्नला मी खोलीत नव्हते, सर."

"मशीनचं घड्याळ मागंपुढं असतं. बरं, पंच्याण्णव नको, पंच्याऐंशी कर, झालं समाधान? आता सुरुवात कशानं करायची ते बोल."

उत्तर तिच्याकडे तयार होतं. लिहून झाल्यावर नाही, घड्याळावर नाही, नुसत्या सहीवरही नाही. सही झाली तरी प्रोग्राम थांबून राहील. कुकरपाशी भिंतीवर एक कळ लावायची. ज्याचा हात झाकणावर, त्यानंच ती दाबायची. ती दाबली की वरचा पिवळा दिवा लागेल आणि तेव्हाच प्रोग्राम आत जाईल. जित्या माणसाच्या बोटानं.

"म्हणजे तुझ्या वडिलांच्या बोटानं." साहेब हसले. "ठीक आहे. कर."

त्या संध्याकाळी तिनं काकाजींचं नाव यादीतून पुसलं. टर्मिनल दोनचा प्लग भिंतीतून उपटला, वायर गुंडाळली, खुर्चीत ठेवली. टर्मिनलवर पुन्हा कापड घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इलेक्ट्रिशियननं कळ बसवली. वंदना स्वतः जाऊन बाबांना सांगून आली. मी कागद घेऊन येईन, आपण दोघं बसून एकेक ओळ वाचू, तोवर हात लावायचा नाही.

"मले कोठं वाचता येते इंग्रजी?" बाबा हसले.

"मी वाचीन बाबा. तुम्ही नुसतं ऐका."

"ऐकतो ना. आजवर तुहं ऐकलंच आहे."

दुपारी अडीचला पंच्याऐंशीचा प्रोग्राम तयार झाला. दोनशे बारा ओळी. यादीत आता तपासणारं एकच नाव होतं, साहेबांचं. ती कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"वाचून घ्या ना, सर."

साहेब ब्रीफकेस बंद करत होते. नागपूरची कालची खेप आजवर ढकलली होती. "तू लिहिलंस ना? मग झालं." त्यांनी उभ्या उभ्याच टर्मिनलवर, फक्त त्यांनाच ठाऊक असलेली, तीन अक्षरं टाकली आणि गाडीकडे गेले. कागद टेबलावरच राहिला, उलटा.

तिला बरं वाटलं नाही. पण कळ तर बाबांच्या हातात होती. ती आपल्या खोलीत आली. आज लाईट होती, एसी घरघरत होता, सगळं नेहमीसारखं. तिनं कागद पुढे ओढला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि बाबांना आधी कळवावं म्हणून इंटरकॉम उचलला.

"बाबा, साहेबांची सही झाली. मी वाचून येते. कळ आत्ता दाबू नका हं."

पलीकडे वाफेचा आवाज. मग बाबा.

"मी नाई दाबली पोरी."

"हो, तेच म्हणते, दाबू नका."

"नाई दाबली व." बाबांचा आवाज खाली आला. "पन पिवळा दिवा तं लागून राह्यला."

तिच्या हातात कागद होता. तो तिनं खाली ठेवला.

"कोणी आलं होतं तिकडे?"

"कोनी नाई. मी एकटाच आहो. कळीले हात लावून पाह्यला... गरम आहे. जसं कोनी आत्ताच बोट उचललं." बाबा थांबले. नाकानं श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "पोरी, इथं लवंगेचा वास कायचा येऊन राह्यला?"

वंदनानं मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. समोरच्या तिच्या पडद्याच्या काळ्या काचेत, तिच्या खांद्यामागे, निळ्या चौकटीचं कापड दिसत होतं. टर्मिनलची वायर खुर्चीत गुंडाळलेली होती. आणि कापडाखाली हिरवा उजेड होता.

सही झाली होती. कोणी वाचलं नव्हतं. आता वाचणं सुरू होणार होतं, पहिल्या ओळीपासून, चाळीस मिनिटांचं. तीन नंबरचं तापमान होतं एकशे सोळा. दोनशे बारा ओळींत तिनं कुठं काय चुकवलं होतं, चुकवलं होतं की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मागे घ्यायचं तर सही देणाऱ्यानंच, आणि साहेबांची गाडी फाटकातून केव्हाच बाहेर पडली होती. काकाजींचं नाव तिनं काल स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

"बाबा," ती अगदी हळू बोलली, मागच्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "दिवा हिरवा झाला तरी... चाकाला हात लावू नका. माझ्या दिव्याकडे बघूच नका. काटा बघा. झाकणापासून लांब व्हा... जितकं होता येईल तितकं."

"अवं, पन तू तं..."

तिला पुढचं ऐकू आलं नाही. पाठीमागे खुर्ची जराशी सरकली.

खर्र...